डावी मागची पन्हळ

मिठाच्या मैदानाकाठच्या उयुनी गावातले जीपवाले सेवेरिनो तिकोनाची थट्टा करायचे, की या माणसाला बायकोचं कधी ऐकू आलं नाही, पण पत्र्याचं सगळं ऐकू येतं. तो गाडीच्या टपावर, दारावर, चाकाच्या कमानीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचा, मान कलती करून थांबायचा, आणि मग म्हणायचा, "इथे आतून गेलंय." चांगला पत्रा वाजतो, सडलेला खोकतो, एवढंच त्याचं शास्त्र. बासष्टाव्या वर्षी त्याचा डावा डोळा वेल्डिंगच्या उजेडानं सतत पाझरत असे, थंडीत पाठ धरत असे, पण कान शाबूत होते.

त्याचा बाप कोल्चानीला मीठ फोडायचा. कुऱ्हाडीनं मिठाच्या विटा कापायच्या, त्या वाळवायच्या, लादायच्या. बापाच्या तळहातांवरच्या भेगा कधी मिटल्या नाहीत; जेवताना तो हात सुपाच्या वाटीभोवती धरून बसायचा, तेव्हा वाटायचं, वाटीच त्या हातांना धरून बसली आहे. सेवेरिनो सोळाव्या वर्षी घर सोडून पुलाकायोच्या खाणीतल्या कारखान्यात गेला आणि तिथे लोखंड शिकला. खाण बंद पडल्यावर हातगाडीवर वेल्डिंगचं मशीन घालून उयुनीत उतरला. मिठापासून पळून तो लोखंडाकडे आला होता. मीठ त्याच्या मागे मागे येऊन लोखंडात शिरलं.

जुलैमधली, तिकडच्या ऐन हिवाळ्यातली ती सकाळ होती. अंगणातल्या बादलीतलं पाणी रात्रीत गोठून फुगलं होतं आणि बादलीला बाजूनं चीर गेली होती. सेवेरिनो आणि त्याचा जुना मित्र क्रिसोलोगो कोपा मिळून क्रिसोलोगोच्या जीपच्या टपावर नवं कॅरिअर चढवत होते.

जीप चौतीस वर्षांची, जपानी, चौकोनी टपाची. टपाच्या कडेनं पावसाचं पाणी वाहून जायला बोटभर रुंद पन्हळ असते, तशी हिला होती. आजच्या गाड्यांना ती नसते. जुन्या गाड्यांचं कॅरिअर याच पन्हळीला पायांनी चिमटे घेऊन उभं राहतं. टपाला भोक पाडावं लागत नाही. आणि वर चढणारं सगळं, म्हणजे डिझेलचे दोन कॅन, गॅसची टाकी, स्टेपनी, सहा प्रवाशांच्या बॅगा, तीन दिवसांचं खाणं, हे सारं ओझं शेवटी त्या बोटभर पत्र्यावर येतं.

"डावीकडे घ्या, कोम्पाद्रे. अजून. बास, माझा अंगठा ठेवा जागेवर," क्रिसोलोगो म्हणाला.

"अंगठा काढा की मग."

"कुठे आहे तो, ते दिसलं तर काढीन."

क्रिसोलोगोच्या दोन्ही डोळ्यांवर साय धरली होती. नट-बोल्ट तो बोटांनी चाचपून ओळखायचा आणि वर देताना न चुकता बरोबर मापाचा द्यायचा. पंचवीस वर्षांपूर्वी त्याची मुलगी एदेल्मिरा हिच्या बाप्तिस्म्याला सेवेरिनोनं तिचा पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, म्हणून तिला हातांवर घेतलं होतं. त्या दिवसापासून दोघे एकमेकांचे कोम्पाद्रे झाले, आणि त्या दिवसापासून त्यांचं अरे-तुरे संपून अहो-जाहो सुरू झालं. एकत्र दारू पिऊन रस्त्यावर लोळलेली माणसं देवळातून बाहेर पडली ती एकमेकांना मान देतच.

आजचा दिवस एदेल्मिराचा होता. प्रवाशांना मिठाच्या मैदानावर नेणाऱ्या चालकांच्या संघटनेत क्रिसोलोगोचा नंबर सतरा. तीस वर्षं त्यानं तो सांभाळला होता. आता डोळे गेले, तेव्हा नंबर मुलीच्या नावावर करायचा त्याचा अर्ज होता. संघटनेत बाई एकही नव्हती. पुष्कळ कुरकुर होऊन शेवटी ठरलं, की तिनं तिची पहिली फेरी वेळेवर, नियमाप्रमाणे गाडी सज्ज करून न्यावी, नंबर तिचा. फेरी चुकली तर नंबर यादीत वाट बघणाऱ्या दुसऱ्या कुणाला. नियमाप्रमाणे म्हणजे टपावर आठ पायांचं कॅरिअर. जीपचं जुनं कॅरिअर सहा पायांचं होतं, आणि त्याचे दोन आडवे पाइप वाकले होते. म्हणून हे नवं. फेरी आज साडेदहाची.

पुढचे चार पाय बसले. मधले दोन बसले. उजवा मागचा बसला. प्रत्येक पायाचा चिमटा पन्हळीखाली सरकवायचा, बोल्ट घालायचा, पाना लावायचा. आवळता आवळता एक क्षण येतो की पाना हाताला नाही म्हणतो. सेवेरिनो त्या नकारासाठी थांबायचा. सात वेळा तो आला.

आठव्या वेळी, डाव्या मागच्या पायाशी, तो आला नाही. पाना अर्धा फेरा जास्त फिरला, ओल्या मातीत फिरावा तसा. सेवेरिनोनं हात आवरला. पन्हळीच्या रंगावर केसाएवढी चीर पडली होती. त्यानं पेरानं टकटक केलं.

पत्रा खोकला.

"झालं का?" खालून क्रिसोलोगोनं विचारलं.

सेवेरिनो टपावर गुडघे टेकून बसला होता. वारा अजून सुटला नव्हता. दूर रेल्वेच्या भंगारात एक कुत्रं भुंकत होतं. त्याला आठवलं, आणि आठवल्याबरोबर कळलं, की आपण हे विसरलोच नव्हतो.

आठ वर्षांपूर्वीचा कार्निव्हलचा मंगळवार. त्या दिवशी घरोघर जमिनीला पाजतात. दारात, चुलीजवळ, चाकांवर दारूचे थेंब शिंपडतात, कागदी फिती लावतात, फुलांच्या पाकळ्या उधळतात. हत्यारांचीही पूजा होते आणि हत्यारं निजतात. त्या दिवशी हातोडी उचलणारा माणूस सेवेरिनोनं आयुष्यात पाहिला नव्हता. मशीनच्या गळ्यात गुलाबी-पिवळ्या फिती होत्या, डोक्यावर बिअर सांडलेली होती, आणि क्रिसोलोगो जीप घेऊन दारात उभा राहिला. "मागं थोडा रंग उडालाय. उद्या पहाटे निघायचंय, तेवढं बघा." रंग उडाला नव्हता. पन्हळ वीतभर सडली होती. बोट आरपार जात होतं. ते कापायला हवं होतं, नवा पत्रा जोडायला हवा होता. पण मशीन निजलेलं. मग सेवेरिनोनं, चार प्याले पोटात असलेल्या माणसाच्या चतुराईनं, विचार केला: हात काही हत्यार नव्हे. त्यानं डब्यातली गुलाबी पुट्टी बोटांनी कालवली, बोटांनीच भोकात दाबली, बोटांनीच गुळगुळीत केली. वरून रंग. कार्निव्हल संपला की बोलावून कापू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी क्रिसोलोगो फेरीवर गेला. मग दुसरी फेरी आली, मग पाऊस, मग सेवेरिनोची बायको हुस्ता आजारी पडली आणि त्या सालातच गेली. आणि मग पुष्कळ दिवस झाले होते. इतक्या दिवसांनी सांगायचं, तर आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं.

जुन्या कॅरिअरचा एकही पाय त्या जागेवर येत नव्हता. नव्याचं माप घेताना, गेल्याच आठवड्यात, त्यानं डाव्या मागच्या पायाची खूण चार बोटं पुढे सरकवली होती. का, ते स्वतःलाही न विचारता. गंजानं मात्र ती चार बोटं केव्हाच ओलांडली होती.

"कोम्पाद्रे? झालं का म्हणतो मी."

"झालं," सेवेरिनो म्हणाला.

त्यानं बोल्ट काढला, खाली रुंद पट्टी घातली, ओझं पसरावं म्हणून, आणि पुन्हा हलकेच आवळला. वरून बघितलं तर आठही पाय सारखे दिसत होते. रंगाचा एक पापुद्रा सुटून त्याच्या नखात अडकला होता. त्याची मागची बाजू गुलाबी होती.

एदेल्मिरा बाजारातून आली. एका हातात जांभळ्या मक्याच्या गरम आपीची किटली, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेले तळलेले, गरम चीजचे पास्तेल. नवं जाकीट, घट्ट वेणी.

"पाद्रिनो, वरच झोपलात की काय? उतरा, गार होईल."

"तू पी आधी. तुला निघायचंय."

"मी बाजारातच प्यायले." ती हसली. "संघटनेतला तेओफिलो युक्रा भेटला कोपऱ्यावर. म्हणतो, आरसा मागचा रस्ता बघायला असतो बरं का, वेणी घालायला नाही."

"मग तू?"

"मी म्हटलं, तुमच्या आरशात तुमचंच तोंड दिसतं, म्हणून दर खेपेला रस्ता चुकता."

क्रिसोलोगो खोखो हसला, आपी दाढीवर सांडली. "हिच्या आईची जीभ. शिकवायला नको."

एदेल्मिरानं वर बघितलं. उगवतीचं ऊन नव्या पाइपांवर पडलं होतं. "सुंदर झालंय. घट्ट आहे ना?"

"आहे."

एवढंच. तिनं हात लावून हलवून बघितलं नाही. दुसऱ्या कुणी केलेलं असतं तर तिनं लटकून बघितलं असतं. ती टकटक सेवेरिनोकडूनच शिकली होती, या अंगणात चार वर्षांची असताना. पण हे त्यानं केलं होतं, म्हणून तिनं नुसतं वर पाहिलं आणि ती गाडीत बसली. बाप शेजारी बसला, फेरी सुटेपर्यंत सोबत म्हणून. जीप फाटकातून बाहेर पडली. नऊ वाजले होते.

सेवेरिनो रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यापासून केलेल्या त्याच्या बाकावर बसला. नखातला पापुद्रा काढून त्यानं जिभेवर ठेवला. खारट.

तिथून पुढचा एक तास त्यानं कसा घालवला हे त्याला नंतर नीट सांगता आलं नाही. त्यानं हत्यारं पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. तोंडात कोकाची पानं भरली, त्यांना चव आली नाही. पट्टी घातली आहे, असं तो मनात म्हणे. सात पाय पक्के आहेत. आठ वर्षं काही झालं नाही. मग त्याला रस्ता दिसायचा. मिठाच्या मैदानावर काही होणार नाही. मैदान सपाट, गुळगुळीत. पण दुसऱ्या दिवशी दगडांचा रस्ता लागतो, आणि मग तो पावणेपाच हजार मीटरवरचा उतार. गाडी नाकावर झुकते. वरचं सगळं पुढे येऊ बघतं. काही वर्षांपूर्वी त्या उतारावर एकाचं कॅरिअर तसंच पुढे सरकून काचेवर आलं होतं. वाचलेल्या चालकानं सांगितलं होतं, शेवटी मला समोर फक्त एका निळ्या बॅगेची चेन दिसत होती. त्याच्या गाडीतले दोघं वाचले नाहीत. सेवेरिनोला ती चेन दिसायला लागली. तिच्या मागे, काचेच्या आत, घट्ट वेणी.

त्यानं मशीनकडे बघितलं. मशीन जागंच होतं. आठ वर्षांत हजार वेळा जागं होतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी तो सायकलवर बसला. वारा सुटला होता, तोंडावर बारीक खडे येत होते. पाझरणारा डोळा पुरता मिटला. बाजारातून, दोन पाट्या चुकवून, कुणाच्या तरी शिव्या घेऊन तो संघटनेच्या कचेरीच्या रस्त्यावर आला, तेव्हा सायकल थांबवायचं भान त्याला राहिलं नाही. ती भिंतीला लागून थांबली.

रस्त्याच्या कडेनं अकरा जीप रांगेत उभ्या होत्या. सतरा नंबरची चौथी. टपावर सगळं चढलं होतं. एदेल्मिरा मागच्या चाकावर उभी राहून ताडपत्रीवरचा दोर ओढून बांधत होती, आणि दर ओढीला तिचं सगळं वजन डाव्या बाजूला येत होतं. सहा परदेशी पोरं तोंडाला पांढरं मलम फासून खाली उभी होती. यादी घेतलेला सचिव शिट्टी वाजवत फिरत होता.

"उतर," सेवेरिनो म्हणाला. धाप लागल्यामुळे आवाज फुटला नाही. "उतर तिथून!"

"पाद्रिनो? काय झालं? पडलात की काय?"

"सामान उतरव."

"काय?"

पलीकडच्या जीपच्या दाराला टेकून तेओफिलो युक्रा संत्रं सोलत होता. लालबुंद गाल, डोक्यावर लोकरी टोपी. "मिस्त्री निरोप द्यायला आले वाटतं. फुलं विसरलात, मिस्त्री."

"आता सामान उतरवायचं?" सचिव जवळ आला. "वीस मिनिटं राहिली. काय प्रकार आहे?"

पुढच्या सीटवरून क्रिसोलोगोनं डोकं बाहेर काढलं. "कोम्पाद्रे, बोला की. काय विसरलंय?"

सेवेरिनोनं तोंड उघडलं. एक वाक्य होतं. ते आठ वर्षं तोंडात असल्यासारखं जड झालं होतं. ते बाहेर येईना. मग तो गाडीच्या मागच्या बंपरवर चढला, दोन्ही हातांनी कॅरिअरचा डावा कोपरा धरला आणि पाय सोडून लटकला.

काही झालं नाही.

कुणीतरी हसलं. "माकडाचा खेळ बघा," तेओफिलो म्हणाला, "तिकीट किती?"

कॅरिअर हललंसुद्धा नाही, आणि त्या क्षणी सेवेरिनोच्या मनात आलं, धरतंय. पट्टीनं धरलंय. आता उतरावं, म्हणावं, तपासत होतो, आणि जावं घरी. इतकं सोपं. त्या सोपेपणाची त्याला त्या दिवशी सगळ्यात जास्त भीती वाटली. तो सोपेपणा त्याच्या ओळखीचा होता. त्यानं बंपरवर पाय रोवले, अंग मागे टाकलं आणि सगळ्या ताकदीनं हिसडा मारला. मग दुसरा.

कापड फाटावं तसा आवाज आला. पन्हळ पापुद्र्यासारखी सुटली. मागचा पाय तिला घेऊन वर आला, मग त्याच्या पुढचा. कॅरिअर एका बाजूनं उचललं गेलं, ताडपत्रीखाली गॅसची टाकी घरंगळली आणि दोराला धडकून थांबली. सेवेरिनो पाठीवर रस्त्यात पडला. त्याच्या अंगावर तपकिरी चुरा सांडत होता.

तेओफिलोच्या हातातलं संत्रं अर्धंच सोललेलं राहिलं.

क्रिसोलोगो दार चाचपत खाली उतरला. कुणी हात द्यायला गेलं, त्यानं झटकला. गाडीच्या अंगावर हात ठेवत ठेवत तो मागे आला. फाटलेल्या कडेवरून त्यानं बोटं फिरवली. सावकाश, बोल्टचं माप घेतो तशी. एका जागी बोटं थांबली. त्यानं तिथला तुकडा मोडला, अंगठ्यानं चुरडला.

"ही पुट्टी आहे."

त्यानं तो चुरा बोटांवरून झटकला.

"कुणी भरली?"

"मी," सेवेरिनो रस्त्यातूनच म्हणाला.

"कधी?"

"कार्निव्हलच्या मंगळवारी. आठ वर्षं झाली. कापायला हवं होतं. मशीन निजलं होतं."

क्रिसोलोगोनं मान त्याच्या दिशेला वळवली. सायीखालचे डोळे त्याच्या थोडं बाजूला बघत होते. "मशीन निजलं होतं," तो म्हणाला. "आणि तू?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. सेवेरिनोला ते पन्हळ फाटण्यापेक्षा मोठ्यानं ऐकू आलं.

एदेल्मिरा चाकावरून खाली उतरली. तिनं आधी पोरांच्या बॅगा उतरवल्या, एकेक, हातात देत. मग कॅन. मग गॅसची टाकी. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त हात जरा जास्तच नेमके चालत होते. सचिवानं घड्याळ बघितलं, शिट्टी ओठांवर नेली आणि न वाजवताच खाली घेतली. "फेरी गेली," तो हळूच म्हणाला. "माझ्या हातात नाही. नंबरचं रविवारी बैठकीत." सहा पोरांना मागच्या दोन जीपमध्ये दाटीवाटीनं बसवलं. तिघं तेओफिलोच्या वाट्याला आली. तो त्यांच्या बॅगा चढवत होता, आणि चढवण्याआधी त्यानं स्वतःचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरून हलवून बघितलं. ते सेवेरिनोनंच केलं होतं. मग बाकीच्यांनीही हलवून बघितलं. रांगेतल्या अकरांपैकी सात कॅरिअर त्याच्या हातची होती. रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोखंड हलवल्याचा आवाज होत गेला. सेवेरिनो तो ऐकत भिंतीशी बसून राहिला.

बारा वाजता जीप त्याच्या अंगणात आली. कॅरिअर दोरानं बांधलेलं. एदेल्मिरा खाली उतरली, फाटक ओढून घेतलं.

"कापा," ती म्हणाली.

"दुसऱ्या कुणाकडे—"

"दुसऱ्याला कुठे सडलंय ते शोधावं लागेल. तुम्हाला पाठ आहे."

क्रिसोलोगो गाडीतून उतरला नाही. सेवेरिनोनं आतलं छत सोडवलं, ग्राइंडर हातात घेतला. ठिणग्यांनी आतली गादी पेटू नये म्हणून कुणीतरी आतून ओलं पोतं धरून बसायला हवं होतं. तो काही म्हणायच्या आधीच क्रिसोलोगोनं उतरून पोतं दुसऱ्या बादलीत बुडवलं, बर्फाचे तुकडे झटकले, आणि गाडीत मागे शिरून पत्र्याला दोन्ही हातांनी दाबून धरलं. पाती पत्र्यात शिरली. एकाच्या हाताखाली ठिणग्या, दुसऱ्याच्या हाताखाली वाफ. मध्ये एक मिलिमीटर लोखंड.

वीतभर नव्हतं. हातभर गेलं होतं. कापलेली पन्हळ उलटी केली तेव्हा तिच्यातून गंजाबरोबर पांढरे खडे पडले.

"मीठ," एदेल्मिरा म्हणाली.

सेवेरिनोनं ग्राइंडर खाली ठेवला. मग आतून क्रिसोलोगोचा आवाज आला. "प्रवासी यायच्या आधी मी टपावर मिठाची पोती वाहायचो. चार वर्षं. गाडीच्या पोटाला दर आठवड्याला जुनं ऑइल फासलं मी. सगळेच फासतात. डोक्याकडे कोण बघतो."

सेवेरिनो उत्तर द्यायला गेला.

"हे मी तुझ्यासाठी बोललो नाही," क्रिसोलोगो म्हणाला. "पोतं सुकलं. पाणी दे."

तीन दिवस लागले. सेवेरिनोनं नवा पत्रा रुळावर ठोकून वाकवला, टाक्याटाक्यानं जोडला, प्रत्येक टाका थंड होऊ देत. उजवी बाजूही उघडून बघितली. तिथे सडलं नव्हतं, तरी घासून, लाल रंग देऊन बंद केली. पन्हळीच्या आतून मेण ओतलं. या तीन दिवसांत अंगणात कुणी गिऱ्हाईक आलं नाही. शुक्रवारी एका माणसानं दुरुस्तीला ठेवलेलं दार न बोलता परत नेलं.

रविवारी बैठक कचेरीसमोर रस्त्यातच भरली, कारण आत चाळीस माणसं मावत नव्हती. सतरा नंबरची जीप मध्ये उभी होती, टपावर कॅरिअर, रिकामं. सेवेरिनो उठून उभा राहिला आणि जे रस्त्यात पडून बोलला होता ते उभं राहून पुन्हा बोलला. मुलीची चूक नाही, बापाची नाही. मग खाली बसला.

कुजबुज झाली. शेवटी तेओफिलो उठला, टोपी हातात घेऊन. "गाडी सुटायच्या आधी बाईनं सामान उतरवलं. आमच्यातल्या किती जणांनी उतरवलं असतं, मला माहीत नाही. माझ्यापुरतं विचाराल तर, नंबर राहू दे तिच्याकडे." तो थांबला. "पण कॅरिअर दुसऱ्या मिस्त्रीकडून बसवून घ्यावं. या माणसाच्या हातचं मी माझ्या पोराच्या डोक्यावर ठेवणार नाही."

माना हलल्या. कुणीही सेवेरिनोकडे बघत नव्हतं.

"कॅरिअर हेच राहील," एदेल्मिरा म्हणाली.

"पोरी, हट्ट करू नकोस—"

"हट्ट नाही. तुम्ही सगळे इथे आहात. चढा."

"काय?"

"चढा वर. जेवढे मावतील तेवढे. तेओफिलोदादा, तुम्ही आधी, तुम्ही सगळ्यात जड."

हशा पिकला, पण लगेच विरला. तेओफिलोनं टोपी घातली, चाकावर पाय देऊन वर चढला. त्याच्यामागे आणखी एक. मग दोन. पाचवा चढला तेव्हा गाडीच्या स्प्रिंगा खाली गेल्या. सहावा सचिव होता. त्यानं यादी दातांत धरली होती. सहा दणकट माणसं नव्या पाइपांवर उभी राहिली, एकमेकांच्या खांद्यांना धरून, आणि वाऱ्यात डुलायला लागली.

"आता उड्या मारा," क्रिसोलोगो खालून म्हणाला. त्यानं चाचपत येऊन सेवेरिनोचं मनगट धरलं, त्याला डाव्या मागच्या कोपऱ्याशी नेलं आणि त्याचा तळहात पन्हळीवर दाबला. "तुम्ही ऐका," तो म्हणाला. "मला फक्त सांगा."

वर बूट आदळले. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा सहाजण एकदम. मिठाच्या मैदानावरून आलेला वारा गाडीखालून गेला. सेवेरिनोनं डोळे मिटले, मान कलती केली. तळहाताखाली गार लोखंड होतं, आणि आठही पायांतून येणारं ओझं त्याला बोटांच्या हाडांत जाणवत होतं. तो वाट बघत होता. बूट पुन्हा आदळले.

पत्रा खोकला नाही.

"काय?" क्रिसोलोगोनं विचारलं.

"थांबा," सेवेरिनो म्हणाला. त्यानं हात काढला नाही. "अजून एकदा मारू द्या."